तीन मीटरची हाऊसगल्ली

आत्याच्या घरी दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावलेली असते. बाहेर वैशाखातलं ऊन डोळे दिपवतं आणि आत शिरलं की वाटतं, पावसाळ्यातली संध्याकाळ आहे. आत्या पूर्वी रेल्वे रुळांच्या कडेला राहायची. रूळ वाढवायचे ठरले, झोपडी गेली आणि बदल्यात पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर २२५ चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं. घरात संडास आहे, नळाला पाणी आहे, डोक्यावर स्लॅब आहे. "तक्रार कुठल्या तोंडाने करू?" असं तीच म्हणते.

मागच्या खेपेला मी खिडकी उघडायला गेलो तर ओरडली, "नको रे बाबा, वरनं कोण काय टाकेल नेम नाही." खिडकीबाहेर हाऊसगल्ली, म्हणजे दोन इमारतींच्या मधली अरुंद फट. समोरच्या घरात टीव्हीवर कुठली मालिका चालू आहे ते इथून स्पष्ट दिसतं. खाली वाकून पाहिलं तर प्लास्टिकच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, एक फुटकी बादली आणि गळक्या पाइपाचं साचलेलं पाणी. तिन्हीसांजेला तिने देवापुढे दिवा लावला, तो विझू नये म्हणून पंखा बंद केला आणि उदबत्ती पेटवली. धुराची रेघ सरळ वर गेली, छताला टेकली, पसरली आणि तिथेच थांबली. बराच वेळ ढगासारखी तरंगत होती. तो धूर बघताना माझ्या डोक्यात एकच हिशोब सुरू झाला: या खोलीतली हवा बाहेर जाते तरी कुठून?

नगररचनेचा आणि आरोग्याचा काय संबंध, असं कुणी विचारलं की मला हा धूर आठवतो. आपल्याकडे आरोग्य म्हटलं की डॉक्टर, दवाखाना, लस, औषधं. आणि नगररचना म्हटलं की रस्ते, एफएसआय (जमिनीच्या मानाने किती बांधायचं ते प्रमाण), बिल्डर. ही दोन खाती वेगळी, मंत्री वेगळे, फायलीही वेगळ्या. पण दोन इमारतींमध्ये किती मोकळी जागा सोडायची हा निर्णय दिसायला वास्तुविशारदाचा असला, तरी त्यात काही हजार माणसांच्या फुप्फुसांचा निर्णय होऊन जातो. आणि ही गोष्ट मुंबईला नव्याने शिकायची गरज नाही. हे शहर सव्वाशे वर्षांपूर्वी शिकलं होतं.

साथीच्या रोगांचा आणि शहराचा संबंध सांगताना बहुतेक लोक लंडनच्या पंपाची, म्हणजे पाण्याच्या एका पंपातून पसरलेल्या कॉलऱ्याची गोष्ट सांगतात. ती चांगलीच आहे, पण आपल्या घरची गोष्ट असताना दुसऱ्याच्या अंगणात कशाला जायचं?

सप्टेंबर १८९६. मांडवी, म्हणजे मुंबई बंदरालगतचा धान्याच्या गोदामांचा भाग. खाली गोदामं, वर माणसं, मधल्या गल्ल्या अंधाऱ्या. तिथल्या एका रुग्णाला तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी निदान केलं की हा प्लेग आहे. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे, रोज हजारो लोक त्याच्यासमोरून जातात आणि तो कुणाचा हे फार कमी जणांना ठाऊक असतं. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले. सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा आणला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमाचा शेवट चापेकर बंधूंच्या पिस्तुलात झाला, ते शाळेच्या पुस्तकात आहे. मुंबईत त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली आणि ती शाळेच्या पुस्तकात नाही. १८९८ मध्ये कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहर बरं करायचं असेल तर त्याचा नकाशा बदलायला हवा, या विचारातून जन्मलेली ही संस्था.

प्लेग कसा पसरतो हे तेव्हा नीट माहीत नव्हतं. रोग जागेत मुरतो, दमट जमिनीत, काळोख्या खोलीत, कोंदट हवेत राहतो, असं पुष्कळ अधिकारी मानत. म्हणून घरं जंतुनाशकांनी धुतली गेली, उजेड यावा म्हणून छपरांना भोकं पाडली गेली, आणि राहण्यालायक नसलेल्या खोल्यांवर तशी इंग्रजी आद्याक्षरं रंगवली गेली. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, पण ते सगळ्यांच्या गळी उतरायला पुढची काही वर्षं गेली. तोवर ट्रस्टने कामाला सुरुवात केली होती. पहिली योजना नागपाड्याची. मग समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट कापला. सँडहर्स्ट रोड काढला, ज्याला आज आपण सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतो. या रस्त्यांकडे आपण गाड्यांसाठी म्हणून बघतो. ते काढताना डोक्यात गाड्यांइतकाच वाराही होता.

प्लेगचं कारण चुकलं होतं, पण दुसऱ्या एका रोगाचं उत्तर हाताला लागलं होतं. त्याकडे येतोच. आधी ट्रस्टच्या एका नियमाबद्दल सांगतो, कारण हा लेख मी मुळात त्या एका नियमासाठी लिहायला घेतला.

साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तो फार लावून धरला होता. नियम असा: तळमजल्यावरच्या खोलीच्या खिडकीपाशी, जमिनीच्या पातळीवर उभं राहायचं आणि समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे बघायचं. नजर जमिनीशी जो कोन करेल तो साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नको. त्रिकोणमितीला घाबरायचं कारण नाही, साध्या हिशोबात याचा अर्थ असा की दोन इमारतींत जेवढं अंतर, त्याच्या दुपटीपेक्षा समोरची इमारत उंच नसावी. अंतर सहा मीटर असेल तर उंची बारा मीटर, म्हणजे साधारण चार मजले. एवढं पाळलं की सगळ्यात खालच्या खोलीलाही आभाळाचा तुकडा दिसतो. आणि ज्या खिडकीला आभाळ दिसतं तिला उजेडही मिळतो आणि वाराही.

आता आत्याची इमारत. तळमजला अधिक सात, म्हणजे साधारण २४ मीटर. या नियमाने शेजारची इमारत बारा मीटरवर हवी. ती आहे सुमारे तीन मीटरवर. उंची अंतराच्या आठपट. कोन काढला तर ८३ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे तळमजल्यावरच्या माणसाला आभाळ बघायचं तर मान मोडेपर्यंत वर करायला लागेल, आणि तेव्हाही दिसेल ती फक्त एक पट्टी.

वाऱ्याचं काय होतं? तोंडाने बाटलीवर फुंकर मारून बघा. तोंड रुंद असलेल्या पातेल्यावर फुंकर मारली तर आतलं पीठ उडतं; अरुंद तोंडाच्या उंच बाटलीवर मारली तर शिट्टी वाजते, तळाशी काही हलत नाही. इमारतींचंही तसंच. मधली जागा उंचीच्या मानाने रुंद असेल तर वारा खाली उतरतो, भिंतीवर आपटतो, खिडक्यांतून शिरतो. ती अरुंद झाली की वारा गच्च्यांवरून सरकत निघून जातो आणि खालची हवा तशीच राहते. त्यात आत्याच्या घराला खिडकी एका बाजूलाच आहे, दुसऱ्या बाजूला दार, आणि दारापलीकडे दोन्हीकडे घरं असलेला अंधारा पॅसेज. संडास-मोरीची झरोकावजा खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत उघडते, आणि डक्टात पाइपांची गळती. हवा इकडून येऊन तिकडून जाण्याला जो आरपार मार्ग लागतो, तो नकाशातच नाही.

आणि आता तो दुसरा रोग. क्षय, टीबी.

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. टीबी पाण्यातून पसरत नाही, ताटवाटीतून किंवा हस्तांदोलनातूनही नाही. तो हवेतून पसरतो. रुग्ण खोकला, बोलला, की अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात. त्यातलं पाणी लगेच उडून जातं आणि उरतो तो इतका हलका कण की तो तासन् तास हवेत तरंगू शकतो, आत्याच्या उदबत्तीच्या धुरासारखा. १९५० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी हे मोठ्या चिकाटीने सिद्ध केलं. टीबीच्या वॉर्डातली हवा नळ्यांतून वरच्या मजल्यावर नेली आणि तिथे ठेवलेल्या गिनीपिगांना ती श्वासात दिली. रुग्णाच्या जवळही न गेलेल्या त्या प्राण्यांना टीबी झाला. फक्त हवेने.

मग बचाव कशात? औषध, पोषण हे आहेच. पण हवेपुरतं बोलायचं तर दोन गोष्टी: हवा खेळती ठेवा आणि ऊन लागू द्या. उन्हातले अतिनील किरण हे जंतू मारतात, आणि खेळती हवा त्यांना बाहेर घालवते. २००७ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उंच छताच्या, मोठाल्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत हवा तासाला सरासरी ४० वेळा बदलत होती; नव्या बांधणीच्या, नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या खोल्यांत १७ वेळा. यंत्राने हवा खेळवणाऱ्या महागड्या खोल्यांचं उद्दिष्टच बारा वेळांचं असतं. जुन्या लोकांना जंतूंबद्दल कमी माहिती होती, पण खिडकी कशी असावी ते त्यांना कळत होतं.

आत्याच्या खोलीचा हिशोब मी कागदावर मांडला. २२५ चौरस फूट, नऊ फूट उंची, म्हणजे साधारण ५७ घनमीटर हवा. माणूस आरामात असताना तासाला अंदाजे अर्धा घनमीटर हवा आत-बाहेर करतो. घरात माणसं पाच. रात्रीचे आठ तास खिडकी बंद, दार बंद. हवा अजिबात बदललीच नाही असं धरलं तर सकाळपर्यंत वीस घनमीटर हवा कुणाच्या ना कुणाच्या छातीतून जाऊन आलेली असते. खोलीतल्या हवेच्या एक तृतीयांशाहून जास्त. हा ढोबळ हिशोब आहे, फटींतून थोडी हवा येतेच. पण पाचांपैकी एकाला टीबी असेल आणि त्याचं निदान अजून व्हायचं असेल, तर बाकीच्या चौघांचं काय होतं हे समजायला तो पुरेसा आहे.

हे सगळं कागदावरच राहिलेलं नाही. गोवंडी-मानखुर्द भागातल्या तीन वसाहतींत 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईतले अभ्यासक यांनी मिळून घरोघरी पाहणी केली: नटवर पारेख कंपाउंड, लल्लुभाई कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी. चार हजारांच्या वर घरं. कोणाला टीबी झाला हे विचारलं आणि सोबत इमारतींची मापं घेऊन, कुठल्या घरात किती उजेड पोचतो, किती वारा पोचतो, खिडकीतून किती आभाळ दिसतं, हे संगणकावर काढलं. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून आहेत. पीएमजीपीत त्या मानाने सुटसुटीत. टीबीचं प्रमाण पहिल्या दोन ठिकाणी कितीतरी जास्त निघालं, आणि एकाच इमारतीत खालच्या मजल्यांवर वरच्यांपेक्षा जास्त.

इथे घाईने निष्कर्षावर उडी मारू नये. या भागात गरिबी आहे, कुपोषण आहे, देवनारचं डम्पिंग ग्राउंड जवळ आहे, आणि टीबीला हे सगळंच पोषक. पण मजल्यांचा फरक मला फार बोलका वाटतो. दुसऱ्या आणि सातव्या मजल्यावरच्या माणसांची कमाई, रेशन, पाणी, दवाखाना जवळपास सारखाच. वेगळं काय, तर उजेड आणि वारा.

मग असे नकाशे पास झाले कसे? कुणी गुपचूप नियम मोडले असतील असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. बांधकामं नियमातच बसणारी होती, कारण नियमच सैल केले होते. झोपडपट्टी पुनर्वसन योजना १९९५ पासून ज्या स्वरूपात चालते, तिचं गणित असं: रहिवाशांना घर फुकट, त्याचा खर्च बिल्डर करणार, आणि त्या मोबदल्यात त्याला विक्रीसाठी बांधकामाचा हक्क, कधी त्याच जागेवर, कधी टीडीआरच्या, म्हणजे दुसऱ्या जागी नेता येणाऱ्या बांधकाम-हक्काच्या रूपात दुसरीकडे. पुनर्वसनाच्या इमारती जितक्या कमी जागेत कोंबाल तितकी मोकळी जमीन विक्रीच्या इमारतीला. त्यासाठी साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूला सोडायच्या मोकळ्या जागेत सवलत दिली गेली. आणि एक तरतूद तर पुन्हा पुन्हा वाचली तरी खरी वाटत नाही: दर हेक्टरी घरांची घनता *किमान* ५०० असावी, पुढे हा आकडा ६५० झाला. किमान. दाटी आवरायची तर वरची मर्यादा घालावी लागते, आपण खालची घातली.

याचा अर्थ झोपडीच बरी होती असा मुळीच नाही. आत्याला विचारा, पहाटे अंधारात रुळांवर जावं लागणं काय असतं. पण जुन्या झोपडीला पत्र्याचं छप्पर होतं आणि दारासमोर आभाळ होतं. बाई भांडी घासायला, धान्य निवडायला दारात बसायची. इमारतीत ती दाराच्या आत गेली.

ट्रस्टचंही फार कौतुक नको. त्यांनी जितक्या खोल्या पाडल्या तितक्या वेळेत बांधल्या नाहीत. निघालेली माणसं कुठे गेली? शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत. एका ठिकाणची दाटी पाडून दुसऱ्या ठिकाणी वाढवली. गिरणीत काम करणारा माणूस गिरणीपासून लांब जाऊ शकत नव्हता, आणि नवं भाडं त्याला परवडत नव्हतं. पुढे दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे त्यांनी मोकळ्या जमिनीवर आखलेल्या वसाहती छान झाल्या. हिंदू कॉलनीत, पारशी कॉलनीत आजही फिरताना बरं वाटतं ते त्या आखणीमुळे. पण तिथे मध्यमवर्ग राहायला आला. कामगारांसाठी १९२० नंतर बीडीडीने, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने २०७ चाळी बांधल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला. खोली १६० चौरस फुटांची, आत्याच्या घरापेक्षा लहान. एका खोलीत आठ-दहा माणसं राहिली. तरीही दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत गोविंदाचे थर लागायचे, लग्नाचा मांडव पडायचा. खोली अपुरी होती पण तिच्याबाहेर जागा होती.

नगररचनेतून येणारा आजार फक्त हवेतूनच येतो असंही नाही. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियावर अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते घरोघरच्या विहिरींवर. शहरी मलेरियाचा डास, ॲनॉफिलिस स्टिफेन्साय, दलदलीपेक्षा विहिरीच्या, टाकीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मग विहिरी बुजवायची, झाकायची मोहीम निघाली. पारशी समाजाने धर्माचं कारण देऊन विरोध केला. आता पुष्कळ विहिरी गेल्या, पण तोच डास गच्चीवरच्या उघड्या टाकीत आणि बांधकामाच्या साइटवर आहे. स्लॅबला पाणी मारलं जातं, बेसमेंटमध्ये ते साचतं, साइटवरच्या मजुराला ताप येतो आणि तिथून पुढे शेजारच्या सोसायटीला. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक टाक्यांची झाकणं बघत जिने चढतात ती याच जुन्या लढाईची पुढची पाळी. फुटपाथ नसल्याने बंद झालेलं चालणं आणि त्यातून येणारा मधुमेह हा वेगळ्या लेखाचा विषय.

हे फक्त पुनर्वसनातल्या लोकांचं दुखणं आहे असं वाटत असेल तर तुमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची फाइल उघडून बघा. मोकळ्या जागेतली तूट प्रीमियम भरून माफ करून घेता येते. आपण सभेत विचारतो काय? कार्पेट किती वाढणार, बिल्डरकडून कॉर्पसची रक्कम किती, भाडं किती, पार्किंग एक की दोन. माझ्या खिडकीसमोर किती मीटरवर कोणाची भिंत येणार आहे, हा प्रश्न मी आजवर एकाही सभेत ऐकलेला नाही. नकाशात तो आकडा असतो. समोरच्या इमारतीची उंची त्याने भागायची. दोनच्या आत आलं तर ऑरसाहेब खूश. चार-पाच आलं तर खालचे मजले घेताना विचार करा. आठ आलं तर ती आत्याची इमारत.

बांधून झालेल्या इमारतींना आता कापता येत नाही. थोडंफार करता येतं. हाऊसगल्ली रोज साफ झाली तर लोक खिडक्या उघडतील. निम्मा प्रश्न कचऱ्याचा आहे. झरोक्यात एक्झॉस्ट पंखा बसवला तर हवेला ओढ मिळते. पॅसेजच्या टोकाची बंद भिंत जाळीची केली तर आरपार मार्ग तयार होतो. आणि खालच्या मजल्यांवर टीबीची तपासणी आधी आणि वरचेवर करता येते, कारण आता कुठे शोधायचं ते माहीत आहे.

निघायच्या आधी मी आत्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर मोबाइल टेकवला आणि समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रोखून कोन मोजला. ऐंशीच्या आसपास आला. दुसरा मजला असल्याने तेवढीच सवलत.

"काय मोजतोयस?" आत्याने विचारलं.

"आभाळ किती दिसतंय ते."

"त्यासाठी गच्चीवर जावं लागतं," ती म्हणाली, "आणि गच्चीला कुलूप आहे."